ओलं नाणं

आमची हळदीची अडत अमावास्येला बंद असायची. त्या दिवशी दुपारी माझ्या माडीवर नाणी बघायला दोघे जण यायचे. साताऱ्याहून लालासाहेब, घड्याळं दुरुस्त करणारे, आणि म्हसवडहून नाथाजी, पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले पेन्शनर हवालदार. मी जयपाल चौगुले, सांगलीत हळदीचा व्यापारी. तिघांत सारखं असं काही नव्हतं. जात वेगळी, गाव वेगळं, आणि शिक्षण म्हणाल तर मी मॅट्रिकला आपटलेला, लालासाहेब सातवीपर्यंत आणि नाथाजी पलटणीत सही शिकलेले. पण परमुलखातलं नाणं कोणी पिशवीतून काढलं की तिघांचेही आवाज आपोआप खाली यायचे.

आमचा एक रिवाज होता. नवं नाणं आणणाऱ्याने ते लगेच दाखवायचं नाही. बाकीच्यांनी डोळे मिटून तळहात पुढे करायचा आणि वजन, कडेचे दाते, मधलं भोक, घासून गेलेला राजा, सगळं बोटांनी चाचपून मुलूख सांगायचा. यात लालासाहेब पटाईत. नाथाजींना मुलूख ओळखू आला नाही तर ते म्हणायचे, "राजा कुनाचा का आसंना, लय हातांतनं गेलाय एवडं खरं." माझी बायको कस्तुरी सरबत घेऊन यायची आणि तीन बाप्ये डोळे मिटून बसलेले बघून पेले ठेवून मुकाट निघून जायची.

नाथाजींचा जोतिबा एकुलता एक. चाळीस साली तो भरती झाला आणि दुसऱ्याच वर्षी समुद्रापलीकडे गेला. त्याची पत्रं यायची, पण कुठून लिहितोय ते पत्रात लिहायची बंदी होती. लिहिलंच तर वरचे लोक काळी शाई फासायचे. तेव्हा पोराने एक युक्ती काढली. कोणी जखमी होऊन किंवा रजेवर इकडे येणारा असला की त्याच्याबरोबर बापासाठी तिथलं एखादं नाणं पाठवायचा. रुमालाच्या गाठीत बांधून. नाथाजी ती गाठ तशीच घेऊन सांगलीला यायचे, आमच्यासमोर सोडायचे. पहिल्यांदा इटलीच्या राजाचं आलं. लालासाहेबांनी पेपरातल्या बातम्या जुळवून सांगितलं, "एरिट्रियात आहे पोरगं." मग मधोमध भोक पाडलेलं, तीन लिप्यांचं आलं. ते पॅलेस्टाईनचं. मग फेजटोपीवाल्या तरुण राजाचं आलं, म्हणजे मिसर. मी भिंतीवर एक नकाशा लावला होता, त्यावर नाथाजी बोट ठेवायचे आणि बराच वेळ उचलायचे नाहीत.

"त्येच्या आईला जाऊन सांगतो," म्हणायचे. "तिला देशाचं नाव ध्यानात ऱ्हात न्हाई, पर हितनं किती लांब ते इचारती."

चव्वेचाळीसच्या जानेवारीत तार आली. इटलीत एका नदीपाशी लढाई झाली, त्यानंतर शिपाई जोतिबा बेपत्ता. मेला असं तारेत नव्हतं. नाथाजी पुढच्या अमावास्येला आले ते तार घेऊनच. लालासाहेबांनी ती दोनदा वाचून दाखवली. नाथाजी म्हणाले, "बेपत्ता म्हंजे पत्ता न्हाई. मानूस हाय, पत्ता न्हाई." आम्ही दोघांनी मान डोलावली. त्या दिवशी कोणी नाणं काढलं नाही.

चैत्रात ते पुन्हा आले आणि या वेळी त्यांचा चेहरा वेगळाच होता. जिन्यावरूनच म्हणाले, "शेठ, निरोप आला पोराचा."

झालं होतं ते असं. दोनेक आठवड्यांमागे, भर दुपारी, नाथाजी रानात असताना त्यांच्या दारात एक शिपाई उभा राहिला. घरात एकट्या अंबूबाई होत्या, जोतिबाची आई. त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. त्याने त्यांच्या हातावर एक नाणं ठेवलं आणि काही न बोलता वळून गेला. कोण होता, कुठल्या गावचा, काही कळलं नाही. ऊन डोळ्यांवर आल्यामुळे तोंड नीट दिसलं नाही, असं अंबूबाई म्हणाल्या. नाथाजींनी म्हसवडात आणि आजूबाजूच्या चार गावांत चौकशी केली. रजेवर आलेला कोणीच नव्हता.

"ठेवलंवतं तिनं द्येवाऱ्यात नेऊन," नाथाजी म्हणाले. "म्हनलं, आगं ह्यो काय द्येव हाय का? काढून आनलं. हात करा फुडं."

मी डोळे मिटले. तळहातावर नाणं पडलं आणि माझा हात आपसूक मागे आला. नाणं गार होतं. चैत्रातली दुपार, माडीवर कौलं तापलेली, नाथाजींच्या कमरेच्या पिशवीतून आत्ता निघालेलं नाणं, आणि ते विहिरीतून काढल्यासारखं गार. शिवाय ओलसर. मी बोटं धोतराला पुसली आणि पुन्हा चाचपलं. तांबं असावं. एक बाजू साफ गुळगुळीत. दुसऱ्या बाजूवर टोकदार कशाने तरी ओढल्यासारख्या खोल रेघा.

लालासाहेबांनी हातात घेतलं, पण नेहमीसारखं बोटांवर खेळवलं नाही. लगेच डोळे उघडून भिंग लावलं.

"ही कुठली लिपी नाही कळत," ते म्हणाले.

मी पाहिलं. एकाखाली एक दोन ठिपके, एका बाजूला वाकडी रेघ, दुसऱ्या बाजूला कमानीसारखं काहीतरी अर्धवट. माझ्याकडे मुंबईहून मागवलेलं एक जाड पुस्तक होतं, त्यातली पानं आम्ही संध्याकाळपर्यंत उलटली. तसं नाणं कुठेच नव्हतं. नाथाजी दर पानाला विचारत, "ह्ये?" आणि आम्ही नाही म्हणत असू. शेवटी ते म्हणाले, "तुमच्यापाशी ठिवा म्हयनाभर. सावकाशीनं बगा. मुलूख कळला की पोरगं कुटं हाय ते कळलं."

ते नाणं मी माझ्या सागवानी कपाटात, तांब्याच्या नाण्यांच्या खणात, कापसावर ठेवलं. चार-पाच दिवसांनी खण उघडला तर आतली सगळी नाणी हिरवी पडली होती. वीस वर्षांत माझ्या नाण्यांना कधी कळंक चढला नव्हता. खालचा कापूस बोटाने दाबला तर पाणी निघालं. मी खण उन्हात वाळवला, नाणी चिंचेने घासली, नवा कापूस घातला. पुन्हा तेच. वर कौल फुटलंय का ते माणूस चढवून पाहिलं. फुटलं नव्हतं, आणि वैशाखात पाणी येणार तरी कुठून?

एका दुपारी कस्तुरी पेढीवर आली. ती सहसा तिथे येत नाही. म्हणाली, "माडीवर कोणी आलंय का?"

"नाही. का?"

"जिन्यावर ओली पावलं आहेत."

मी जाऊन बघितलं. दगडी पायऱ्यांवर अनवाणी पायांचे ठसे होते, मोठे, पुरुषाचे. खालून वर गेलेले. परत उतरलेले नव्हते. माडी रिकामी होती. कस्तुरी खाली कठड्याला धरून उभी होती. मी तिला म्हटलं, गडी हात-पाय धुऊन वर गेला असेल. ती म्हणाली, "गडी सकाळपासून हरिपूरला हळदीच्या पेवावर आहे. तुम्हीच पाठवलाय."

आमच्या जैन धर्मात जीव देह सोडतो तो त्याच क्षणी पुढच्या जन्माला लागतो. तो मागे घुटमळत नाही, म्हणून आम्ही श्राद्धही करत नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि मला ते पटलेलं होतं. तरी त्या दिवसापासून माडीवर एकटा बसायला मला नको वाटू लागलं. पुढच्या अमावास्येला मी नाणं नाथाजींच्या हातावर ठेवलं आणि म्हणालो, मला नाही ओळखता आलं. कापसाचं आणि पावलांचं काही बोललो नाही. काय बोलणार? त्या माणसाला मुलगा जिवंत हवा होता.

तिथून नाथाजींची भटकंती सुरू झाली. ते नाणं घेऊन जतच्या बाजूला एका म्हाताऱ्या पंडितांकडे गेले. पंडितांना जुनी कानडी वाचता येत होती. त्यांनी नाणं उलटसुलट करून सांगितलं, ही आमची नव्हे. साताऱ्यात लढाईवरून परतलेला एक डॉक्टर होता, त्याने हबशी मुलखातलं असेल असं सांगितलं. झालं, नाथाजी सहा महिने पोरगा हबशांच्या मुलखात धरून चालले. मग आणखी कोणी आर्मेनिया म्हणालं. नाथाजी माझ्या माडीवर येऊन नकाशात आर्मेनिया दाखवा म्हणाले. तिथवर इटलीतून चालत जाता येतं का, मधे समुद्र लागतो का, हे विचारलं. पलटणीच्या कचेरीला त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहवून घेतले. उत्तर एकच यायचं, बेपत्ता. त्या दिवसांत साताऱ्याकडे भूमिगतांपायी पोलिसांची झडती फार. एकदा स्टेशनवर त्यांच्या पिशवीतली परदेशी नाणी बघून पोलीस शिपायाने त्यांना बसवून ठेवलं. सुटल्यावर म्हणाले, "त्यानं समदी नाणी हाताळली शेठ, ह्येच तेवडं टाकून दिलं. म्हनला, लय गार हाय."

आमचं जमणं त्या दोन वर्षांत नावापुरतं राहिलं. लालासाहेब एखादं सयामचं, चीनचं आणायचे. नाथाजी डोळे मिटून हातात घ्यायचे आणि तसंच परत द्यायचे.

शेहेचाळीसच्या फाल्गुनात, अमावास्येलाच, पेढीवर एक जवान आला. नुकताच सुटून आलेला, कवठे महांकाळचा, नाव मानसिंग. सांगलीत एक शेठ परदेशी नाणी घेतो असं त्याने ऐकलं होतं. त्याच्याकडे मूठभर नाणी होती. मी त्याला वर नेलं. नाथाजी आणि लालासाहेब बसलेलेच होते. बोलता बोलता निघालं की हा इटलीत होता, आणि मग असं निघालं की तो जोतिबाच्याच कंपनीत होता.

नाथाजींनी स्वतःची ओळख सांगितली नाही. त्यांनी पिशवीतून ते नाणं काढून त्याच्यापुढे धरलं. "ह्ये कुठल्या मुलखाचं रं?"

मानसिंगने नाणं घेतलं. आम्ही ते दोन वर्षं ज्या बाजूने धरत होतो त्या बाजूने त्याने धरलंच नाही. चतकोर फिरवलं, आणि पाहता पाहता कपाळाला लावलं.

"ह्यो सिदनाथाचा टाक हाय," तो म्हणाला. "म्हसवडच्या. आमच्या जोतिबानं केलावता. पैसा इटलीचाच, तांब्याचा, एका अंगाला मधमाशी व्हती. दगडावर घासून घासून त्यानं सपाट केला. दुसऱ्या अंगाला चाकूनं नाथबाबाचं डोळं काढलं, मिशी काढली. फेटा काढायचा ऱ्हायला."

लालासाहेबांनी भिंग खाली ठेवलं. मी पुढे वाकून पाहिलं. नाणं त्या बाजूने धरल्यावर दुसरं काही दिसतच नव्हतं. दोन डोळे, मिशी, अर्धा फेटा. आमच्या भागातल्या घराघरांत देव्हाऱ्यात देवांचे असे टाक असतात, पत्र्यावर ठोकलेले. आम्ही अख्ख्या जगात त्याची लिपी शोधत होतो.

"तुज्यापाशी दिलावता का त्यानं? घरी द्यायला?" नाथाजींनी विचारलं.

"न्हाई वो. कुनाकडं देनार? त्या टायमाला रजा कुनालाच न्हवती." मानसिंगने नाणं अजून हातातच धरलं होतं. "त्यो गळ्यातल्या पिशवीत ठेवायचा. राती नदी वलांडायची व्हती, पूर आल्याला. उतरायच्या आदी त्यानं पिशवी हातात धरली, नाथबाबाचं नाव घेतलं. मी त्येच्या मागंच व्हतो. मधल्या धारंत त्येचा पाय सुटला. डोकं एकडाव वर आलं, मंग न्हाई आलं." मग त्याचा आवाज बदलला. "पर ह्यो टाक तुमच्याकडं कसा आला?"

मानसिंगने एकेकाकडे पाहिलं आणि नाणं हळूच चटईवर ठेवलं. नाथाजींनी विचारलं, "पिशवी गळ्यात व्हती? तू बगितलीस?"

"व्हय. माज्या डोळ्यांनी."

"मी त्येचा बा," नाथाजी म्हणाले.

मानसिंग उठला, त्यांच्या पाया पडला आणि खाली मान घालून बसला. नाथाजींनी त्याला म्हसवडला येतोस का म्हणून विचारलं. तो म्हणाला, माउलीपुढं सांगायला मला न्हाई जमायचं. मग नाथाजी माझ्याकडे वळले. "शेठ, तुमी तरी चला. मला एकट्याला घरात शिरवंना आता."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सर्व्हिस मोटारीने आम्ही निघालो. म्हसवडला उतरलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. माणगंगेत नुसती वाळू. नाथाजींचं घर गावाच्या कडेला, दोन खणी. अंबूबाई जोंधळा पाखडत होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरला, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"कळलं व्हय?" त्या म्हणाल्या.

नाथाजींनी मानसिंगचं सगळं बोलणं सांगितलं. नदीपर्यंत आले आणि थांबले. पुढचं मी सांगितलं. अंबूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्या रडल्या नाहीत.

"म्या वळखला व्हता," त्या म्हणाल्या.

"कुनाला?"

"दारात आलावता त्येला. माजं पोरगं मी वळखनार न्हाई व्हय? अंगावरनं पानी गळत व्हतं. हितं," त्यांनी उंबऱ्याबाहेरची जमीन दाखवली, "हितं समदी भुई भिजलीवती. हात फुडं केला त्यानं. म्या टाक घेतला."

नाथाजी भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, "दोन वर्सं झाली, आंबू. मी कुटं कुटं गेलो."

"म्हनून तर न्हाई सांगितलं. तुमी चालत व्हता. कवा जतला, कवा साताऱ्याला. येऊन सांगत व्हता, आज ह्यो मुलूख निगाला, आज त्यो. सांगितलं असतं तर असं बसला असता, आता बसला तसं." त्यांनी तांब्या उचलून माझ्याजवळ सरकवला, जणू पाहुणा तहानलेला राहू नये एवढंच त्यांच्या मनात होतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पर त्ये न्हाई खरं समदं. दुसरंबी हाय. त्यो उंबऱ्याच्या भाईर हुबा व्हता. त्याला वाटलं आसंल, आई आत बोलावंल. मी न्हाई बोलवला. भ्याले. पोटच्या पोराला मी भ्याले, शेठ. त्यो वाईच थांबला, माज्या तोंडाकडं बगितलं, आन गेला."

मी पाणी प्यालो.

त्यांनी पुढे रीतीने सगळं केलं. पळसाच्या पानांचा पुतळा करून माणगंगेच्या वाळूत त्याला अग्नी दिला. लालासाहेब साताऱ्याहून आले होते. टाक देव्हाऱ्यात गेला. अंबूबाई रोज सकाळी तो पदराने कोरडा करतात, असं नाथाजींनी मला एकदा सांगितलं. नाथाजी नंतरही अधूनमधून सांगलीला येत राहिले. नाणी बघायचे, पण हात पुढे करायचे नाहीत. "तुमी सांगा मुलूख, मी आयकतो," म्हणायचे. लालासाहेबांनी नवीन काही आणलं तर तेही उघड्या डोळ्यांनीच दाखवायचे. आमचा तो रिवाज मोडला तो मोडलाच.

पुढच्या वर्षी चैत्रात आटपाडीकडे वसुलीला गेलो होतो, तिथून म्हसवडला वाकडी वाट करून गेलो. नाथाजी घरीच होते. आम्ही दोघे दारात, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, पाय पसरून बसलो. बोलणं पावसाचं आणि बैलांचं चाललं होतं. सूर्य माथ्यावर आला तशा अंबूबाई चुलीपुढून उठल्या. त्यांनी एका ताटलीत भाकरी आणि कालवण वाढलं, ती उंबऱ्याच्या आत ठेवली आणि दाराच्या दोन्ही फळ्या पुरत्या उघडल्या. बाहेर पांढरं ऊन पडलं होतं, अंगणात चिटपाखरू नव्हतं.

"रोज करती," नाथाजी हळू आवाजात म्हणाले.

अंबूबाई दाराच्या बाजूला उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, रानातून आलेल्या माणसाला हाक मारावी तसा.

"ये बाबा. आत ये."

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, हे मी वर सांगितलंच आहे. तरी त्या वेळी माझे पाय वाटेत होते. नाथाजींनी आपले आखडून घेतले, आणि पाठोपाठ मीही घेतले.